चाकाची साक्ष

जुन्या पिकप ट्रकचा स्पीडोमीटर बंद पडणे ही काही इतिहासात नोंद व्हावी अशी घटना नव्हे. इंजिन चालत असते, मागच्या हौद्यात माल भरलेला असतो, गाडी मुकाट्याने आपली वाट कापीत असते. फक्त समोरच्या तबकडीवरचा काटा शून्यावर पडून राहिलेला असतो आणि त्याच्या खालच्या लहानशा खिडकीतले आकडे महिनोन्महिने जागचे हललेले नसतात. चालक म्हणतो, "मीटर गेले", आणि शेजारून जाणाऱ्या वाहनांवरून आपल्या वेगाचा अंदाज बांधू लागतो. काही दिवसांनी त्याला त्याची सवयही होते. परंतु त्या निपचित काट्याचा शोध घेत जो कोणी गाडीच्या पोटात शिरेल, तो नकळत सुमारे दोन हजार वर्षांच्या एका वाटेवरून चालू लागेल. चाक फिरले किती आणि त्यावरून अंतर काटले किती, हा हिशेब माणसाने प्रथम मांडला तेव्हापासून तो चुकण्याच्या जागाही जवळजवळ त्याच राहिल्या आहेत.

त्या जागा तीन. पहिली जागा चाकाची: ज्या मापाचे चाक आपण गृहीत धरले, त्या मापाचे ते आहे काय? दुसरी जागा दुव्याची: चाकाचे फिरणे मोजणाऱ्या यंत्रापर्यंत पोहोचते काय? तिसरी जागा खुद्द गणकाची: पोहोचलेले फिरणे तो बिनचूक मोजतो काय? रोमन रथापासून संगणक बसविलेल्या मोटारीपर्यंत यंत्राची रूपे कितीतरी पालटली. पण दोष शोधणाऱ्याला हे तीन प्रश्न कधी चुकले नाहीत.

या यंत्राचे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याच्या ग्रंथात सापडते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या या ग्रंथाच्या दहाव्या भागात प्रवासाचे अंतर मोजणाऱ्या गाडीची रचना दिली आहे. गाडीचे चाक एका फेऱ्यात साडेबारा फूट जमीन काटते. त्याच्या आसाशी जोडलेला एक दाता प्रत्येक फेऱ्याला चारशे दात्यांच्या एका मोठ्या चक्राला एका दात्याने पुढे ढकलतो. चारशे फेऱ्यांचे पाच हजार फूट झाले, म्हणजे एक रोमन मैल झाला. त्या क्षणी वरच्या चक्राच्या छिद्रातून एक खडा सुटून खाली ठेवलेल्या काशाच्या पात्रात पडतो. मुक्कामाला पोहोचल्यावर पात्रातले खडे मोजले की झालेले मैल कळले. खडा पडताना होणारा आवाज हीच त्या काळातली सूचना.

चीनमध्ये हेच काम ढोलाने केले. सोंग राजवटीच्या इतिहासात 'ली' हे अंतर मोजणाऱ्या रथाचे वर्णन असून, लू दाओलुंग याने १०२७ मध्ये अशा रथाचा तपशील दरबारात सादर केल्याची नोंद आहे. रथाच्या चाकांवरून दातेरी चक्रांची साखळी वर जाई आणि प्रत्येक लीला एक लाकडी बाहुला ढोलावर टोला मारी. दहा ली झाले की दुसरा बाहुला घंटा वाजवी. रोमन खडा काय आणि चिनी ढोल काय, तत्त्व एकच होते. चाकाचा परीघ माहीत असला की अंतर मोजणे म्हणजे केवळ फेरे मोजणे.

आणि याच सोपेपणात पहिला दोष दडून बसलेला होता. चाकाची धाव झिजली, की त्याचा परीघ आखूड होतो. मग चारशे फेरे पूर्ण होतात, खडाही इमानाने पडतो. पण प्रत्यक्षात गाडी पाच हजार फूट गेलेली नसते. यंत्रात कोठेही बिघाड नाही, आणि तरीही उत्तर चूक आहे! आजच्या गाडीला मूळच्यापेक्षा मोठे टायर चढविले म्हणजे नेमका असाच, पण उलट दिशेचा घोटाळा होतो.

भारताला रस्ते मोजण्याची कल्पना नवी नव्हती. बाबराने आग्र्यापासून काबूलपर्यंतचे अंतर मोजवून वाटेवर मनोरे उभारण्याचा हुकूम दिला होता, आणि मोगल काळातले कोसमिनार उत्तर भारतात अजूनही उभे आहेत. पुढे इंग्रजी अमदानीत मोजणी खात्याचे अधिकारी एकचाकी मोजगाडी घेऊन रस्त्यांवरून हिंडू लागले. लांब दांड्याचे एक मोठे चाक, त्याला जोडलेली एक तबकडी, आणि ते ढकलीत चालणारा माणूस, अशी ती 'पेरॅम्ब्युलेटर' नावाची साधी रचना होती. सैन्याच्या मार्गांचे कितीतरी नकाशे या चाकाच्या आधारे तयार झाले. परंतु चाकाला एक गोष्ट कधीच कळत नाही: ते सरळ जात आहे की वळसे घेत आहे! खड्ड्यात उतरणे, उंचवट्यावर चढणे, दगड चुकविण्यासाठी बाजूला होणे, हे सारे ते प्रामाणिकपणे अंतरात मिळवीत राहते. त्यामुळे वाईट रस्त्यावर त्याचे माप नेहमी वाढीव येई. म्हणूनच १८०२ मध्ये लॅम्टनने मद्रासजवळ आपल्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा आखली तेव्हा त्याने चाकावर विसंबून न राहता पोलादी साखळी वापरली.

जेथे चाकच चालणार नाही तेथे काय करावयाचे? तेथे माणसालाच यंत्र व्हावे लागले. कुमाऊँचा नैनसिंग रावत तिबेटात गेला तो यात्रेकरूच्या वेषात, आणि १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचला. त्याची पावले एकाच मापाची पडावीत अशी तालीम त्याला देण्यात आली होती. हातातल्या माळेत एकशे आठ मण्यांऐवजी शंभरच मणी होते. शंभर पावलांना एक मणी, म्हणजे पूर्ण माळेला दहा हजार पावले. मोजलेल्या नोंदी प्रार्थनाचक्राच्या पोटात लपविलेल्या असत. पाऊल हे चाक, बोटे हा दुवा आणि माळ हा गणक, अशी ही रचना होती. तीनही अंगे एकाच माणसाच्या ताब्यात असल्यामुळे त्याच्या एकाग्रतेवरच सारे अवलंबून होते.

ही मोजदाद पिकप ट्रकच्या मायभूमीत, अमेरिकेत, कशी रुजली याचीही एक कथा आहे. १८४७ मध्ये मॉर्मन पंथाचे लोक बैलगाड्या आणि घोडागाड्या घेऊन पश्चिमेकडे सॉल्ट लेकच्या खोऱ्याकडे निघाले होते. दिवसभराची चाल किती झाली, यावर रोज संध्याकाळी अंदाज सांगितले जात, आणि थकलेल्या माणसाला आपली चाल नेहमी अधिकच वाटते. तांड्याचा लेखनिक विल्यम क्लेटन याला हे अंदाज पसंत पडेनात. त्याने एका गाडीच्या चाकाचा परीघ मोजला. तो चौदा फूट आठ इंच भरला. म्हणजे बरोबर ३६० फेऱ्यांचा एक मैल. मग चाकाला एक लाल चिंधी बांधून तो गाडीच्या बाजूने दिवसभर चालला आणि चिंधी किती वेळा वर आली ते मोजीत राहिला. त्या दिवशी ४,०७० फेरे झाले. हिशेब निघाला सव्वाअकरा मैल आणि वर वीस फेरे.

एकदा हाताने मोजून खात्री झाल्यावर मग यंत्र आले. ऑर्सन प्रॅट याने रचना सुचविली आणि ॲपलटन हार्मन या सुताराने ती लाकडात उतरविली. गाडीच्या चाकाच्या सहा फेऱ्यांना एक मळसूत्र एकदा फिरे आणि ते साठ दात्यांच्या चक्राला एका दात्याने पुढे सारी. सहा गुणिले साठ, म्हणजे तीनशे साठ. पुढच्या वर्षी क्लेटनने या मोजमापांवरून वाटसरूंसाठी मार्गदर्शिका छापली. पाणी किती मैलांवर आहे, नदीचा उतार कोठे आहे, हे त्या ओसाड मुलुखात जिवाशी संबंधित प्रश्न होते. मागून येणाऱ्या कुटुंबांनी त्या आकड्यांवर भरवसा ठेवूनच जनावरे हाकली असतील. अंतराचा आकडा म्हणजे केवळ कुतूहल नव्हे, ती एकाने दुसऱ्यासाठी दिलेली साक्ष असते.

अंतर अशा रीतीने मोजता येऊ लागले. वेग मात्र हाती लागत नव्हता. अंतर ही बेरीज आहे. ती दात्यादात्याने करता येते. वेग ही या क्षणाची अवस्था आहे, आणि क्षण काही पात्रात खड्यासारखा पडून राहत नाही. त्याचा ठाव लागला तो एका अगदी वेगळ्या प्रयोगातून. फ्रेंच शास्त्रज्ञ अरागो याला १८२४ च्या सुमारास असे आढळले, की तांब्याची तबकडी फिरविली असता तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्या मागे ओढली जाते. तांबे तर चुंबकाला चिकटत नाही. मग ही ओढ कसली? उत्तर १८३१ मध्ये फॅरेडेच्या शोधाने मिळाले. चुंबक आणि धातू यांची परस्परांसापेक्ष हालचाल झाली म्हणजे धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि ते त्या हालचालीला विरोध करतात. हालचाल जितकी जलद, तितकी ही ओढ अधिक.

या शास्त्रीय चमत्काराला गाडीत नोकरीला लावले ते स्ट्रासबर्गच्या ऑटो शुल्झे याने, १९०२ मध्ये पेटंट घेऊन. काळही अनुकूल होता. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने ताशी वीस मैलांची मर्यादा घातली. आणि मर्यादा आली की ती ओलांडली की नाही हा वाद आलाच. शुल्झेच्या रचनेत चाकावरून फिरणारा एक लहान चुंबक असतो आणि त्याच्याभोवती, त्याला स्पर्श न करता, ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी बसविलेली असते. चुंबक फिरू लागला की वाटी त्याच्या मागे ओढली जाऊ पाहते. परंतु केसासारखी बारीक कमान तिला मागे खेचून धरते. ओढ आणि कमान यांचा समतोल जेथे साधेल तेथे वाटी थांबते, आणि वाटीच्या टोकाशी जोडलेला काटा तो आकडा दाखवितो. चुंबक आणि वाटी यांच्यामध्ये केवळ हवा असते, एकही दाता नसतो. म्हणूनच काटा झटके न देता वर चढतो आणि मंदपणे खाली येतो.

अमेरिकेत वॉर्नर बंधूंनी आणि इतरांनी अशा यंत्रांचा मोठा उद्योग उभा केला. आरंभी मीटरला पुढच्या चाकावरून गती मिळे. नंतर ती गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून घेण्याची पद्धत रूढ झाली. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातूनच पिकपचा हौदा बसवून दिला, आणि पुढे शेतकरी, सुतार, दूधवाला यांची ही आवडती गाडी झाली. त्यानंतरची निदान साठ वर्षे बहुतेक पिकपांच्या तबकडीमागे तीच जोडी नांदत होती: वेग सांगणारा चुंबकी काटा आणि अंतराची बेरीज ठेवणारी आकड्यांची चाके. दोघांना गती देणारी केबल मात्र एकच. अमेरिकन गाड्यांत बहुधा असा संकेत असे, की एका मैलाला केबलचे एक हजार फेरे व्हावेत. त्यातला हिशेब सुबक आहे. ताशी साठ मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. तेव्हा केबल मिनिटाला हजार वेळा फिरत असेल तर काट्याने साठावर उभे राहिले पाहिजे.

काटा आणि आकडे ही भावंडे एकाच केबलीवर जगतात, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवली म्हणजे जुन्या पिकपचा निम्मा रोग पडद्याला हात न लावता ओळखता येतो. काटा आणि आकडे दोन्ही एकदम थांबले असतील, तर दोष दोघांच्या वाटेत, म्हणजे दुव्यात शोधावयाचा. काटा हलतो पण आकडे पुढे सरकत नाहीत, तर केबल निर्दोष आहे. मीटरच्या आतले एखादे लहान दातेरी चाक झिजले आहे किंवा आकड्यांचे चाक आपल्या दांड्यावर सैल झाले आहे. उलट, आकडे चालू आहेत आणि काटा पडून आहे किंवा खोटे सांगतो आहे, तर वाटी, कमान किंवा चुंबक यांच्याकडे पाहावयाचे. चुंबक क्षीण झाला की ओढ कमी पडते आणि काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवितो.

दोन्ही थांबले असता जाणता मिस्त्री तडक नवे मीटर आणावयास सांगत नाही. तो तबकडीच्या मागून केबलचे टोक सोडवितो, मागची चाके उचलून आधारावर घेतो, पुढच्या चाकांना अडणी लावतो आणि गिअर घालून ती चाके सावकाश फिरू देतो. आवरणाच्या आतली तार फिरताना दिसली, तर वाट मोकळी आहे. दोष मीटरमध्ये आहे. तार स्थिर राहिली, तर ती बाहेर ओढून पाहावयाची. ती तुटली असेल तर कारण हाती लागले. ती अखंड असेल, तर गिअरबॉक्समधले, पुष्कळदा प्लॅस्टिकचे असणारे, लहान दातेरी चाक खाल्ले गेले असण्याची शक्यता दांडगी. तारेची दोन्ही टोके चौकोनी असतात. ती झिजून गोल झाली असतील तर ती आपल्या खाचेत नुसतीच घसरतात आणि काहीच फिरत नाही.

येथे एक चूक वारंवार होते. तार तुटली म्हणून नवी घातली जाते, आणि आठ दिवसांत तीही तुटते. मग नव्या तारेला दोष दिला जातो. वस्तुतः तार तुटणे हा पुष्कळदा रोग नसून रोगाचे लक्षण असते. मीटरच्या आतला दांडा वंगणावाचून घट्ट झालेला असतो. तो फिरत नाही आणि खालून गिअरबॉक्स फिरविल्यावाचून राहत नाही. या ओढाताणीत दुबळा दुवा तुटतो. तेव्हा नवी तार बसविण्याआधी मीटरचा दांडा बोटांनी सहज फिरतो की नाही, हे पाहिलेच पाहिजे. काटा थरथरत असेल, मंद वेगात उड्या मारीत असेल, तर केबल कोरडी पडली आहे किंवा कोठेतरी फार तीव्र वळणात दाबली गेली आहे, असे समजावे. तार अडते, पिळली जाते आणि मग एकदम सुटते. त्यावर उपाय ग्रीसचा पातळ हात देणे. सढळ हात नव्हे. अधिक ग्रीस तारेवरून चढत मीटरमध्ये जाते आणि तेथली हलकी वाटी जड करून ठेवते. गिअरबॉक्सकडची सील गेली असेल तर तेलही याच मार्गाने वर येते.

एवढे करूनही चाकाचा मूळ प्रश्न उरतोच. समजा, गाडीला मुळात २८ इंच व्यासाचे टायर होते आणि मालकाने हौसेने ३१ इंची चढविले. आता प्रत्येक फेऱ्याला गाडी अधिक जमीन काटते, पण केबलला याचा पत्ता नसतो. काटा साठ दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी सहासष्ट मैलांहून अधिक वेगाने जात असते. आणि अंतराच्या आकड्यांतही शंभर मैलांमागे दहा मैल हरवत जातात. मागच्या आसाचे गिअर बदलले तरी असाच घोटाळा होतो. यावर उपाय मीटर उघडणे हा नव्हे, तर गिअरबॉक्समधले केबलीचे लहान चाक योग्य दात्यांचे निवडणे हा आहे. मग दोष चाकाच्या मापात आहे की मीटरमध्ये, हे ओळखावयाचे कसे? रस्त्याच्या दगडांवरून दहा मैलांचे अंतर तोलून पाहावे. काटा आणि आकडे दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर दोष केबलच्या अलीकडे, चाकात किंवा गिअरांत. आकडे बरोबर आणि काटाच चुकत असेल, तर दोष काट्याच्या घरात.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकन पिकपांतून ही केबल हळूहळू नाहीशी होऊ लागली. तिची जागा सेन्सरने घेतली. फिरणाऱ्या दातेरी कड्याजवळ एक चुंबकी सेन्सर बसविलेला असतो. प्रत्येक दाता समोरून गेला की तारेतून विजेचे एक स्पंदन जाते, आणि ती स्पंदने मोजून विद्युत्-यंत्रणा काटा हलविते. काही गाड्यांत हा सेन्सर गिअरबॉक्सवरच राहिला. १९९२ ते १९९६ च्या फोर्ड एफ-मालिकेतल्या पिकपांत मात्र तबकडीमागच्या यंत्रणेला वेगाची वार्ता मागच्या आसावरच्या सेन्सरकडून मिळे, आणि चाके लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकयंत्रणेचाही तोच बातमीदार असे. ज्या कारागिराचा हात अजून जुन्या केबलीच्या शोधात गिअरबॉक्सकडे जाई, त्याला तेथे काहीच सापडत नसे.

परंतु रोगनिदानाची रीत मुळीच पालटली नाही. अशा गाडीत काटा पडला आणि त्याच वेळी ब्रेकचा पिवळा दिवा लागला, आपोआप वेग राखणारी व्यवस्था सुटली किंवा स्वयंचलित गिअर भलत्या वेळी पडू लागले, तर हे चार वेगळे रोग नव्हेत. चौघांचा बातमीदार एकच आहे आणि तोच मुका झाला आहे. त्याच्या चुंबकी टोकावर लोखंडाची बारीक भुकटी साचली असेल, जोडणीत गंज चढला असेल, किंवा आसाच्या हालचालीने तार आतून तुटली असेल. उलट, फक्त काटाच बंद आहे आणि बाकी सारे नीट चालले आहे, तर बातमी निघते आहे. ती तबकडीपर्यंत पोहोचत नाही किंवा तेथे वाचली जात नाही. शोधाला आरंभ मात्र फ्यूजपासून आणि उघड्या तारांपासून करावा. स्वस्त कारण आधी आणि महाग कारण शेवटी, हा नियम केबलीच्या काळात जितका शहाणपणाचा होता, तितकाच तो आजही आहे.

येथवर प्रश्न यंत्राचा होता. दुरुस्ती झाल्यावर जो प्रश्न उभा राहतो, तो माणसाचा आहे. काटा पुन्हा चालू लागला की त्याचा मागचा अबोला विसरला तरी चालतो, कारण काटा फक्त वर्तमान सांगतो. आकड्यांचे तसे नाही. ते भूतकाळाची बेरीज आहेत. सहा महिने आकडे थांबले होते आणि गाडी मात्र धावत होती, तर ती धाव कोठे गेली? ती इंजिनाच्या सिलिंडरांत, ब्रेकांत, चाकांच्या बेअरिंगांत झिजेच्या रूपाने जमा आहे; फक्त खिडकीतून ती दिसत नाही. शिवाय जुन्या पिकपांत मैलांचे आकडे पाचच असत. ९९,९९९ नंतर सारी चाके पुन्हा शून्यावर येत. चौतीस हजार मैल दाखविणारी गाडी वस्तुतः एक लाख चौतीस हजार मैल चाललेली असू शके, आणि यंत्राने त्यात लबाडी केलेली नसे.

लबाडी करणारी माणसे मात्र होती. आकडे मागे फिरवून जुनी गाडी कमी चाललेली म्हणून विकण्याचा उद्योग अमेरिकेत इतका बोकाळला, की १९७२ मध्ये तेथे त्याविरुद्ध केंद्रीय कायदा करावा लागला आणि १९८६ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. विकणाऱ्याने अंतराचा आकडा लेखी द्यावयाचा, आणि तो खरा नाही असे त्याला ठाऊक असेल तर तसे स्पष्ट म्हणावयाचे. फार जुन्या गाड्यांना यातून सूट असते. पूर्वी ती दहा वर्षांनी मिळे. २०११ आणि त्यानंतरच्या गाड्यांसाठी ती मुदत वीस वर्षांची झाली आहे.

या कायद्यातली एक तरतूद विशेष मननीय आहे. मीटर दुरुस्त करण्यास किंवा बदलण्यास मनाई नाही. दुरुस्तीनंतर जुना आकडा जसाच्या तसा ठेवता आला तर तो ठेवावयाचा. तो ठेवता येत नसेल, तर मीटर शून्यावर आणावयाचे आणि चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर एक लेखी सूचना चिकटवावयाची: दुरुस्तीपूर्वी आकडा किती होता आणि दुरुस्ती कोणत्या दिवशी झाली. अंदाजाने एखादा सोयीचा आकडा लावून देण्याची मुभा नाही. यंत्राला जे माहीत नाही ते त्याच्या तोंडी घालू नये, आणि साक्षीत खंड पडला असेल तर तो खंडही नोंदवावा, असा याचा अर्थ. क्लेटनच्या वहीत आणि नैनसिंगच्या माळेत जो प्रामाणिकपणा होता, तोच येथे कायद्याच्या भाषेत अवतरला आहे. आता नव्या गाड्यांत आकडे चाकांवर नसून स्मृतिपटलासारख्या एका सूक्ष्म चकतीत साठविलेले असतात. ते बदलण्यासाठी आता पेचकस लागत नाही, पण मोह तोच आहे आणि उत्तरही तेच आहे.

काट्याच्या बाबतीतही कायद्याने एक शहाणी पक्षपाती भूमिका घेतली आहे. अनेक देशांनी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या नियमाप्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवावयाचा नाही. अधिक दाखविला तर खऱ्या वेगाच्या एकदशांश आणि वर ताशी चार किलोमीटर इतकी चूक क्षम्य आहे. चूक अटळच असेल तर ती सावधपणाच्या बाजूने व्हावी, हा त्यातला हेतू. मोठे टायर चढविलेली गाडी हीच मर्यादा उलट्या अंगाने ओलांडते. म्हणून तो दोष केवळ हिशेबाचा राहत नाही. शाळेसमोरून जाणाऱ्या गाडीचा वेग चालकाला वाटतो त्याहून अधिक असणे, हा त्याचा खरा अर्थ आहे.

भारतात १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धती आली आणि मैलांच्या दगडांची जागा किलोमीटरच्या दगडांनी घेतली. त्या दगडांजवळ घड्याळ घेऊन कोणालाही आपल्या काट्याची परीक्षा घेता येते. काटा एका आकड्यावर स्थिर राहील अशी गाडी चालवावी, शेजारी बसलेल्याने एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत लागलेले सेकंद मोजावेत आणि ३,६०० ला त्या संख्येने भागावे. येईल तो ताशी किलोमीटरचा वेग. बहात्तर सेकंद लागले, तर पन्नास. एखादा दगड चुकीच्या जागी बसलेला असू शकतो, म्हणून ही परीक्षा पाच-सहा दगडांवर घ्यावी. आज खिशातला दूरध्वनी उपग्रहांच्या संकेतांवरून हाच वेग सांगतो. त्याला चाकाचे माप ठाऊक नसते, केबल ठाऊक नसते, आणि म्हणूनच तो उत्तम साक्षीदार ठरतो: ज्याच्यावर संशय आहे त्याच्याशी त्याचा काहीही संबंध नसतो.

जुन्या पिकपाची किंमत फार नसते, आणि तिचा काटा दुरुस्त करण्याची खटपट पुष्कळांना निरर्थक वाटते. गाडी तर चालतेच आहे ना, असे ते म्हणतात. गाडी चालतेच, काट्याने ती कधी चालविली नव्हती. काटा आणि आकडे असतात ते दुसऱ्या कोणासाठी: रस्ता ओलांडणाऱ्यासाठी, आणि उद्या ती गाडी विश्वासाने विकत घेणाऱ्यासाठी. तबकडीमागची एक तार बदलणे हे तासाभराचे काम आहे. त्यानंतर जुना आकडा आणि दुरुस्तीची तारीख एका कागदावर लिहून तो दाराच्या चौकटीवर चिकटविणे, याला दोन मिनिटे पुरतात. जाणता कारागीर ही दोन मिनिटे वाचवीत नाही.